नाजूक मासे आणि बाबांचा तांब्या

२६ जुलै २००५ ला तुम्ही कुठे होतात, हा प्रश्न मुंबई-ठाण्याच्या माणसाला विचारायची खोटी, पुढचा अर्धा तास तुम्हाला बोलायची गरज पडत नाही. प्रत्येकाकडे त्या दिवसाची एक गोष्ट असते. माझ्याकडेही आहे, पण तिच्यात मी नाहीच! मी त्या रात्री अंधेरीच्या ऑफिसात सॅक उशाला घेऊन टेबलाखाली झोपलो होतो. गोष्ट आहे ती डोंबिवलीच्या आमच्या घरातल्या तीन फुटी काचेच्या टाकीची आणि तिच्यातल्या पाच माशांची.

टाकी खाऱ्या पाण्याची होती. साधारण दीडशे लिटर. दोन क्लाऊनफिश आणि तीन निळे डॅमसेल. वर्षभरापूर्वी नोकरीत जरा स्थिरावल्यावर हा खर्चिक शौक मी लावून घेतला होता, आणि ज्याला ज्याला सांगितलं त्या प्रत्येकाने एकच वाक्य ऐकवलं होतं, "समुद्राचे मासे घरात जगत नाहीत रे, फार नाजूक असतात." गोड्या पाण्यातले गोल्डफिशसुद्धा ज्यांच्याकडे आठवड्याभरात उलटे होतात, ते लोकही हेच सांगत होते.

त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. डोंबिवलीत दुपारीच वीज गेली ती दुसऱ्या दिवशी रात्री आली. म्हणजे जवळजवळ तीस तास. फोन बंद. ऑफिसात बसून मी मनातल्या मनात हिशोब केला. पंप बंद, हवेचे बुडबुडे बंद, फिल्टर बंद, पाणी अठ्ठावीस डिग्री. मासे गेले. आईबाबा तिसऱ्या मजल्यावर आहेत, सुखरूप आहेत, ह्यावर समाधान मानायचं.

सत्तावीसला संध्याकाळी थोडं चालत, थोडं ट्रकमधून, मिळेल तसा घरी पोचलो. दारातूनच पाण्याचा आवाज आला. म्हटलं घरात पाणी शिरलं की काय, तिसऱ्या मजल्यावर! आत बघतो तर मेणबत्तीच्या उजेडात बाबा स्टुलावर बसलेले, हातात देवघराजवळचा पितळी तांब्या. टाकीतूनच पाणी घ्यायचं, हात उंच करायचा आणि वरून धार सोडायची. पन्नास तांबे झाले की थोडं थांबायचं, मासे बघायचे, परत पन्नास. रात्रभर आईशी पाळी लावून त्यांनी हेच केलं होतं.

"अरे, ते वर येऊन तोंड उघडमीट करायला लागले. म्हटलं ह्यांचा जीव घुसमटतोय. हवा पाहिजे ह्यांना," बाबा म्हणाले. एवढंच.

पाचच्या पाच मासे जिवंत होते.

त्यानंतर हा विषय माझ्या डोक्यात जो बसला तो आजतागायत. हे मासे नाजूक असतील तर ते जगले कसे? आणि नाजूक नसतील तर ही ख्याती त्यांना कुणी चिकटवली? ह्याचं उत्तर शोधत वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं की ही माशांची गोष्ट नाहीच. जवळजवळ पावणेदोनशे वर्षं माणसाने "नाजूक" ह्या एका शब्दाखाली आपलं अज्ञान कसं झाकलं, त्याची ही गोष्ट आहे. आमच्या धंद्यात प्रोग्राम बंद पडला की पहिल्यांदा युजरला दोष द्यायची पद्धत आहे ना, तसंच काहीसं :-)

तर सुरुवात करूया १८४६ पासून. (खरं तर सुरुवात त्याच्याही आधीची. जान व्हिलप्रो-पॉवर नावाची मूळची शिवणकाम करणारी एक फ्रेंच बाई सिसिलीत मेसिना इथे राहत होती. तिने १८३२ च्या सुमारास काचेच्या टाक्या करून त्यांत आर्गोनॉट नावाच्या ऑक्टोपसच्या भाईबंदांवर प्रयोग केले, आणि तो प्राणी आपलं कवच स्वतःच बनवतो, दुसऱ्याचं चोरत नाही, हे सिद्ध केलं. पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.) १८४६ साली लंडनच्या ॲना थिन ह्या बाई टॉर्की नावाच्या समुद्रकाठच्या गावी गेल्या होत्या. यजमान वेस्टमिन्स्टर ॲबीतले मोठे पाद्री. बाईंना जिवंत प्रवाळ सापडले, त्यांची भुरळ पडली आणि ते त्या बरणीत घालून लंडनला घेऊन आल्या. लंडनपासून समुद्र लांब. सुरुवातीला ताजं समुद्राचं पाणी मागवत राहिल्या, पण ते किती दिवस परवडणार? मग एक युक्ती निघाली. घरातली मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात वरून ओतायची. परत ह्या भांड्यातून त्या भांड्यात. रोज अर्धा-पाऊण तास. पुढे बाईंनी त्यात समुद्रातल्या वनस्पतीही सोडल्या. प्रवाळ वर्षानुवर्षं जगले, वाढले.

हे वाचलं तेव्हा मी हसलोच. बाबांचा तांब्या! शंभरावर वर्षांपूर्वी, लंडनमध्ये. फरक एवढाच की बाबांचं नाव निदान मला माहीत आहे. ॲना थिन बाईंचं नाव इतिहासात राहिलं, १८५९ साली त्यांची टिपणं विज्ञानाच्या एका मासिकात छापूनही आली. तासन्‌तास पाणी ओतणाऱ्या त्या मोलकरणीचं नाव मात्र मला कुठे वाचायला मिळालेलं नाही. खाऱ्या पाण्याच्या घरगुती टाकीचा पहिला एअर पंप म्हणजे त्या बाईचे दोन हात.

ह्यातलं शास्त्र अगदी साधं आहे. माशाला लागणारा प्राणवायू पाण्यात विरघळलेला असतो आणि तो पाण्याच्या पृष्ठभागातून आत येतो. पाणी जितकं गरम आणि जितकं खारट, तितका प्राणवायू कमी मावतो. दहा डिग्रीच्या गोड्या पाण्यात लिटरमागे अकरा मिलिग्रॅमच्या वर मावतो, तर अठ्ठावीस डिग्रीच्या समुद्राच्या पाण्यात जेमतेम साडेसहा. म्हणजे डोंबिवलीतल्या माझ्या माशांकडे लंडनच्या प्रवाळांपेक्षा शिल्लक मुळातच कमी होती. पाणी वरून ओतलं की पृष्ठभाग ढवळतो, हवा आत ओढली जाते. तीनशे रुपयांचा पंप हेच करतो, तांब्याही हेच करतो. तांब्याला फक्त माणूस लागतो.

इंग्लंडात ह्यानंतर जे झालं ते एखाद्या सॉफ्टवेअरच्या लाटेसारखं होतं. १८४५ साली तिथल्या सरकारने काचेवरचा कर उठवला होता, त्यामुळे काच स्वस्त. रेल्वे नवी होती, त्यामुळे समुद्र एका दिवसावर आला. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन ह्या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवल्या तर पाणी न बदलताही टाकी चालू राहते. मग त्याने हाच प्रयोग समुद्राच्या पाण्यावर केला. मे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 'फिश हाऊस' उघडलं. आणि १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस ह्यांचं 'द अक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि तो शब्दच रूढ झाला. गॉस ह्यांनी त्याच सुमारास समुद्राचं पाणी घरच्या घरी बनवण्याची कृतीही दिली. साधं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराईड आणि पोटॅशियम क्लोराईड. बस्स, चार वस्तू. ह्या पाण्यात प्राणी जगले! समुद्र म्हणजे काहीतरी गूढ द्रव्य आहे अशी जी समजूत होती, तिला ह्या चार पुड्यांनी पहिला धक्का दिला.

पण लाट जशी आली तशी १८६० च्या दशकात ओसरली. कारण? मरणारे प्राणी. लोक उत्साहाने किनाऱ्यावर जायचे, खडकांतल्या डबक्यांतून जे हाताला लागेल ते खरवडून आणायचे, टाकीत कोंबायचे, आणि पंधरा दिवसांत घरभर वास सुटायचा. मग टाकीत नेचे लावायचे! गॉस ह्यांचे चिरंजीव एडमंड गॉस ह्यांनी १९०७ साली लिहिलेल्या 'फादर अँड सन' ह्या पुस्तकात वडलांच्या ह्या छंदाने इंग्लंडचे ते किनारे कसे ओरबाडले गेले त्याची खंत केली आहे. लोकांनी निष्कर्ष काय काढला? समुद्राचे जीव नाजूक असतात, घरात जगत नाहीत. तेच वाक्य. ते थेट आमच्या डोंबिवलीपर्यंत पोचलं.

आता मजा बघा. वॉरिंग्टन आणि गॉस दोघांचाही हिशोब प्राणवायू आणि कार्बन डायऑक्साईड ह्या दोन रकान्यांचा होता. प्राणी एक सोडतो, वनस्पती दुसरं सोडते, जमाखर्च जुळला. पण त्यात एक तिसरा रकाना राहून गेला होता. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, आणि अमोनिया विष आहे. त्यातून समुद्राचं पाणी अल्कधर्मी, पीएच आठच्या वर. पीएच एकाने वाढला की अमोनियाच्या विषारी रूपाचं प्रमाण जवळजवळ दहापट होतं. म्हणजे गोड्या पाण्यात जेवढी घाण चालून जाते तेवढीच खाऱ्या पाण्यात जीव घेते. टाकीतल्या वाळूवर, काचेवर, दगडांवर हळूहळू जिवाणूंचा एक थर धरतो. त्यातले काही अमोनियाचं नायट्राईट करतात, दुसरे काही नायट्राईटचं नायट्रेट करतात, जे बरंच निरुपद्रवी असतं. हा थर बसायला चार ते सहा आठवडे लागतात. हे जिवाणू सर्जी विनोग्राड्स्की ह्या रशियन शास्त्रज्ञाने वेगळे काढून दाखवले ते साल १८९०. म्हणजे गॉस ह्यांचं पुस्तक येऊन छत्तीस वर्षं झाल्यावर! तोवर नव्याकोऱ्या, लखलखीत घासलेल्या टाकीत पहिल्याच दिवशी दहा मासे सोडणाऱ्याला ते का मेले हे कळायला मार्गच नव्हता. आणि कळत नाही म्हटल्यावर "नाजूक" म्हणून मोकळं व्हायचं.

न कळताही एकाने मात्र उत्तराच्या फार जवळ जाऊन दाखवलं. विल्यम आल्फर्ड लॉईड. ह्या गृहस्थांनी लंडनमध्ये टाक्यांचं दुकान चालवलं आणि पुढे हॅम्बुर्ग (१८६४) आणि लंडनचा क्रिस्टल पॅलेस (१८७१) इथली मत्स्यालयं उभारली. त्यांची युक्ती अशी, की दिसणाऱ्या टाक्यांच्या खाली, काळोखात, त्यांच्या कितीतरी पट पाण्याचा हौद ठेवायचा आणि पाणी सतत फिरवत राहायचं. पाणी बदलायचं नाही, फिरवायचं. आज कुठल्याही चांगल्या खाऱ्या टाकीच्या खाली कपाटात जो 'संप' लपवलेला असतो, तो ह्याच हौदाचा पणतू.

इथून एकदम शंभर वर्षं पुढे येऊ. दुसऱ्या महायुद्धानंतर दोन गोष्टी झाल्या. विमानाने माल जायला लागला आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या. पिशवीत थोडं पाणी, वर प्राणवायू, वर रबरबँड. प्रवाळबेटांवरचे झगमगीत मासे आता अमेरिकेतल्या दिवाणखान्यात पोचू लागले. फिलिपाईन्समधून ही निर्यात १९५७ मध्ये सुरू झाली. (आपल्याकडे त्याआधीच, १९५१ साली, मरीन ड्राईव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडलं होतं. चर्नी रोडला उतरून आईचं बोट धरून तिथे गेलेल्या पोरांची मुंबईत एक अख्खी पिढी आहे. मी त्यातलाच. काचेपलीकडचा समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो तिथे.)

हे मासे भराभर मेले. आणि ह्या वेळी कारण टाकीत नव्हतंच! १९६० च्या दशकात फिलिपाईन्समध्ये मासे पकडायला सोडियम सायनाईड वापरायला सुरुवात झाली. पाणबुड्या बाटलीतून सायनाईडचं पाणी प्रवाळाच्या फटीत मारतो, मासा गुंगतो, अलगद हातात येतो. स्वच्छ पाण्यात टाकला की पोहायला लागतो. रंग छान, डोळे चकचकीत. व्यापाऱ्याकडे ठीक, विमानात ठीक, दुकानात ठीक. आणि घरी आल्यावर आठवड्या-पंधरवड्यात, काहीही चूक नसताना, एका सकाळी तळाशी. सायनाईड पेशींचं श्वसनच बंद पाडतं. जे वाचतात त्यांच्याही आतल्या अवयवांना इजा झालेली असते. प्रवाळ मरतात ते वेगळंच. गिऱ्हाईकाला मात्र हा सगळा प्रवास दिसत नाही. त्याला दिसतो फक्त शेवटचा टप्पा, आपली टाकी. तो म्हणतो, माझंच काहीतरी चुकलं, नाहीतर हा मासाच नाजूक. आमच्याकडे ह्याला अपस्ट्रीमचा बग म्हणतात. लॉग तुमच्या मशीनवर दिसतो, पण चूक तीन सर्व्हर मागे कुणीतरी करून ठेवलेली असते.

ह्याच काळात उलट दिशेने एक माणूस चालला होता. इंडोनेशियातले ली चिन एंग. १९६१ मध्ये त्यांनी एका अमेरिकन मासिकात आपली पद्धत लिहिली. पद्धत काय, तर जवळजवळ काहीच करायचं नाही! समुद्रातून जिवंत खडक आणायचे, म्हणजे ज्यांच्या छिद्राछिद्रांत जिवाणू, शेवाळं, किडेमकोडे नांदताहेत असे. ते टाकीत ठेवायचे, समुद्राचं पाणी भरायचं, बारीक बुडबुडे सोडायचे, उजेड येऊ द्यायचा. त्यात प्रवाळही जगायचे. पाश्चात्त्य शौकीन तेव्हा टाकी आणि प्रवाळांचे सांगाडे ब्लीचने धुऊन पांढरेशुभ्र करण्यात गुंतले होते, म्हणजे नेमके जे जिवाणू हवेत तेच मारण्यात. ली चिन एंग ह्यांचं म्हणणं बहुतेकांनी "तुमच्या दाराशी समुद्र आहे म्हणून चालतं" असं म्हणून सोडून दिलं. पुढे १९७० आणि ८० च्या दशकांत जर्मनांनी, विशेषतः बर्लिनच्या हौशी मंडळींनी, जिवंत खडक, फेस काढणारं प्रोटीन स्किमर आणि प्रखर दिवे अशी सांगड घातली. 'बर्लिन पद्धत' म्हणून ती जगभर गेली. तिच्या मुळाशी मात्र इंडोनेशियातल्या त्या माणसाचे दगडच आहेत.

बाकी तुकडेही ह्याच सुमारास जागेवर बसले. १९६४ मध्ये 'इन्स्टंट ओशन' हे तयार मीठ बाजारात आलं. गॉस ह्यांच्या चार पुड्यांची ही नातवंडं. १९७० मध्ये स्टीफन स्पॉट ह्यांच्या पुस्तकाने जिवाणूंचं ते गणित मत्स्यपालकांपर्यंत नीट पोचवलं. आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्लोरिडात मार्टिन मो ह्यांनी क्लाऊनफिशची पिल्लं व्यापारी प्रमाणात वाढवून दाखवली.

आता बघा, ह्या सगळ्या काळात मासे तेच होते. क्लाऊनफिशमध्ये काही सुधारणा झाली नव्हती. पाणी सुधारलं, पकडणं सुधारलं (सगळीकडे नाही), आणि "नाजूक" क्लाऊनफिश एकदम "नवशिक्यांचा मासा" झाला!

आणि हे मासे मुळात किती चिवट आहेत ते बघायला त्यांच्या शरीरात डोकावलं पाहिजे. समुद्राच्या पाण्यात लिटरला पस्तीस ग्रॅम क्षार. माशाच्या रक्तात त्याच्या साधारण एक तृतीयांश. म्हणजे चोवीस तास त्याच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जात असतं. लोणच्याच्या फोडीसारखा तो मिठात पडलेला असतो. जगण्यासाठी तो सतत समुद्र पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींतून बाहेर फेकतो. जन्मभर. झोपेतसुद्धा. ज्याला आपण नाजूक म्हणतो तो जीव हे एक ओझं न थांबता वाहत असतो. ह्याचाच एक फायदाही त्याला मिळतो. नायट्राईट हे विष कल्ल्यांतून आत शिरतं ते क्लोराईडच्या वाटेने. समुद्रात क्लोराईडची एवढी गर्दी, की नायट्राईटला आत शिरायला फटच मिळत नाही. गोड्या पाण्यातला मासा ज्या नायट्राईटने गुदमरेल, त्याच्या कितीतरी पट खाऱ्या पाण्यातला मासा पचवतो.

२००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पर्क्युला क्लाऊनफिशचं निसर्गातलं आयुष्य तीस वर्षांपर्यंत असू शकतं असा अंदाज मांडला आहे. बोटाएवढा मासा, तीस वर्षं!

माझ्या घरच्या पुराच्या एका महिन्याने, २९ ऑगस्ट २००५ ला, अमेरिकेत कतरिना वादळ आलं. न्यू ऑर्लिन्सच्या मोठ्या मत्स्यालयातला जनरेटर बंद पडला आणि तिथले हजारो मासे मेले. मोठमोठे, दांडगे मासे. नंतर वाचलेल्यांची यादी आली, तिच्यात पेंग्विन, ऊद, पांढरी मगर, आणि चक्क सी-ड्रॅगन! समुद्रघोड्यांचे हे नातेवाईक म्हणजे नाजूकपणाचा कळस, पानापानांची नक्षी असलेले, वाऱ्याने मोडतील असे वाटणारे. ते जगले. ती बातमी मी बाबांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "दिसण्यावर काय असतं रे?"

इथे लेख संपवता आला असता. पण मग तो खोटा ठरला असता, कारण एक गोष्ट मी अजून सांगितलेली नाही. माझ्या टाकीत पूर्वी सहावा मासा होता.

मँडरिन. निळ्या अंगावर नारिंगी नागमोडी रेघा, जणू पैठणीचा काठ. २००५ च्या सुरुवातीला घेतला. दुकानदाराने सांगितलं, "काही प्रॉब्लेम नाय, कायपण खातो." त्या काळात मी वाचलं होतं की मँडरिनच्या अंगावर खवले नसतात, जाड चिकट थर असतो, त्यामुळे पांढऱ्या ठिपक्यांचा जो रोग बाकीच्या माशांना हमखास होतो तो ह्याला सहसा होत नाही. म्हटलं, वा, हा तर चिवट! आणि तो दोन महिने दिवसभर वाळू टिपत, काचेवर चोच मारत फिरत राहिला. मला वाटायचं खातोय. प्रत्यक्षात तो उपाशी होता. मँडरिन खातो ते कोपेपॉड नावाचे बारीक जिवंत कवचधारी जीव, दिवसभर, शेकड्यांनी. ते जुन्या, मोठ्या, जिवंत खडकांनी भरलेल्या टाकीतच पुरेसे असतात. माझ्या नव्या टाकीत पहिल्या पंधरा दिवसांत संपले. मी टाकलेल्या कोरड्या दाण्यांकडे त्याने बघितलंही नाही. त्याचं पोट आत गेलं, पाठीचा कणा दिसायला लागला, तेव्हा मला कळलं. तेव्हा उशीर झाला होता.

म्हणजे चिवटपणाचा दुसरा अर्थ हा, की जीव हळू जातो. जो मासा दोन दिवसांत मरतो तो निदान काहीतरी चुकलंय हे सांगतो. जो दोन महिने उपाशी पोटी सुंदर दिसत फिरतो, तो आपल्या चुकीला दोन महिने झाकून ठेवतो. (पुढे २०१० च्या सुमारास फ्लोरिडात टाकीत जन्मलेले मँडरिन विक्रीला आले. पण तेव्हा माझा जाऊन पाच वर्षं झाली होती.)

आणि ह्याहून मोठा हिशोब समुद्रात आहे. बांगाई कार्डिनल नावाचा मासा घ्या. चंदेरी, काळे पट्टे, लांब पंख. इंडोनेशियातल्या सुलावेसीजवळच्या बांगाई बेटांभोवतीच मुळात सापडतो. १९३३ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली, मग तो जवळपास विस्मरणात गेला आणि १९९० च्या दशकाच्या मध्यावर पुन्हा जगासमोर आला. काही वर्षांतच वर्षाला सहा-सात लाख मासे पकडले जात असल्याचा अंदाज निघाला. गंमत म्हणजे घरच्या टाकीत पिल्लं देणाऱ्या सर्वांत सोप्या समुद्री माशांपैकी हा एक. नर अंडी तोंडात धरतो, आठवडेच्या आठवडे खात नाही, आणि तयार पिल्लं सोडतो. तरी २००७ पासून तो जागतिक संकटग्रस्त यादीत आहे. जगभरच्या दिवाणखान्यांत सुखाने नांदणारा मासा स्वतःच्या गावात संपत चाललाय. आमच्या पुस्तकांत ह्याला 'सर्व्हायव्हरशिप बायस' म्हणतात. आपण टाकीतले जगलेले मोजतो. वाटेत मेलेले मोजायला कुणी नसतं.

भारतात २००१ साली दगडी प्रवाळ आणि सगळे समुद्रघोडे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात गेले, म्हणजे वाघाच्या रांगेत. त्याच दशकात आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊनफिशच्या प्रजननाचं तंत्र इथे बसवलं. मला विचाराल तर खरा मार्ग हाच. समुद्रातला मासा समुद्रात राहू दे, टाकीत टाकीतलाच जन्मलेला येऊ दे. मँडरिननंतर मी समुद्रातून पकडलेला एकही मासा घेतला नाही. फार मोठी गोष्ट नाही, पण जमण्यासारखी होती.

पाच माशांचं पुढे काय झालं? डॅमसेल एकेक करत वयाने गेले. दोन क्लाऊनपैकी मोठ्याचं नाव बाबांनी 'बंड्या' ठेवलं होतं. २००८ मध्ये एका सकाळी बंड्याने दगडावर नारिंगी अंड्यांची रांगोळी घातली! क्लाऊनफिश सगळे आधी नर असतात आणि जोडीतला मोठा मादी होतो, हे मी बाबांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असू दे. आता नाव बदलून काय करायचंय?" बंड्या २०१९ पर्यंत होती. किमान पंधरा वर्षं.

त्या पंधरा वर्षांत लोडशेडिंगने टाकी किती वेळा बंद पडली त्याला गणती नाही. नंतर मी इन्व्हर्टर घेतला, बॅटरीवरचा पंप घेतला, पाण्याचं तापमान मोबाईलवर कळवणारं यंत्रसुद्धा बसवलं. तरी तो पितळी तांब्या टाकीच्या बाजूलाच असायचा. बाबा तो हलवू देत नसत.

मला वाटतं हे मासे जगतात ते त्यांच्यात काही चमत्कार आहे म्हणून नाही. लाखो वर्षं मिठात उभं राहायची सवय त्यांना आहेच. आपण त्यांना फक्त दोन-चार गोष्टी कमी पडू द्यायच्या नसतात: हवा, स्वच्छ पाणी, योग्य घास, आणि पकडताना विष नको. ह्यातली एकेक गोष्ट कळायला माणसाला एकेक पिढी लागली. पण त्यातली पहिली गोष्ट कळायला पुस्तक लागत नाही. मासा वर येऊन तोंड उघडतोय हे बघावं लागतं, आणि मग रात्रभर बसावं लागतं. वेस्टमिन्स्टरच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या त्या बाईला ते कळलं होतं. बाबांनाही कळलं.

असो. आज रविवार, टाकीचं पाणी बदलायचा दिवस. नव्या टाकीत आता दोन छोटे क्लाऊन आहेत, हॅचरीत जन्मलेले. बाबांचे हात थरथरतात हल्ली, पण मीठ विरघळलं की नाही ते अजून तेच बोट घालून सांगतात.